मान किती, धन किती?

कामाच्या मोबदल्याला आपल्याकडे किती शब्द आहेत पाहा. कारकुनाला पगार, गड्याला मजुरी, भटजींना दक्षिणा, कीर्तनकाराला बिदागी, वकिलाला फी. जुनी माणसं मुशारा म्हणायची, आणि कोकणीत अजून 'मुसारो' ऐकू येतो. यातला 'पगार' तर पोर्तुगिजांकडून आलेला. त्यांच्या भाषेत 'पागार' म्हणजे पैसे चुकते करणं. मला हा शब्द आवडतो, कारण त्यात आडपडदा नाही. काम केलंस, पैसे घे, हिशेब मिटला. कुणाचे उपकार नाहीत.

या यादीत आणखी एक शब्द आहे, मानधन. व्याख्यानाला आलेल्या पाहुण्याच्या हातात आपण पाकीट ठेवतो ते मानधन. नाट्यस्पर्धेच्या परीक्षकांना देतो ते मानधन. तिथं तो शब्द शोभतो, कारण त्या पाकिटावर त्यांची चूल पेटत नसते. पण हाच शब्द रोज सकाळी नऊला घराबाहेर पडणाऱ्या आणि त्याच पैशांवर घर चालवणाऱ्या माणसाच्या पावतीवर आला की मला चमकायला होतं. त्यातला मान नेमका कुणी द्यायचा, आणि धन इतकं कमी का?

समाजकार्य या क्षेत्रात हा शब्द सर्रास चालतो. सर्वांत मोठं उदाहरण अंगणवाडीचं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला बालवाडी मुलांच्या अंगणात नेली, तिथून ही कल्पना आली, असं आपण मराठी माणसं अभिमानानं सांगतो. पुढे 2 ऑक्टोबर 1975 रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना 33 प्रकल्पांनिशी सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर गेली. पण कागदोपत्री अंगणवाडीतली बाई राहिली 'मानसेवी'. म्हणजे ती नोकर नव्हे. गावातली एक भली बाई, फावल्या वेळात समाजासाठी काहीबाही करणारी.

फावला वेळ! मुलांची वजनं घ्यायची, आहार वाटायचा, गरोदर बायकांच्या नोंदी ठेवायच्या, लसीकरणाला माणसं जमवायची, शाळेआधीचं शिकवायचं, मतदारयाद्यांचं काम आलं तर तेही करायचं, आणि 2021 पासून हे सगळं पोषण ट्रॅकर नावाच्या अ‍ॅपवर भरायचं. केंद्राच्या हिशेबातलं तिचं मानधन ऑक्टोबर 2018 पासून 3,000 वरून 4,500 रुपये झालं, मदतनीस बाईचं 1,500 वरून 2,250. राज्यं त्यात आपापली भर घालतात, गोवाही घालतो, म्हणून प्रत्यक्ष हातात पडणारा आकडा यापेक्षा मोठा असतो. तरीही पायाचा आकडा हा आहे.

असं का? समाजाचं काम करणाऱ्यानं पैशाचं नाव काढू नये, ही समजूत आपल्यात फार खोल रुजलीय. तिच्यामागे मोठी माणसं उभी आहेत हे खरंच. गोपाळ कृष्ण गोखले यांचं उदाहरण आपल्याला शाळेपासून सांगतात. डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य म्हणून त्यांनी दरमहा 75 रुपयांवर 20 वर्षं शिकवण्याचं व्रत घेतलं आणि पाळलं. नंतर 1905 मध्ये त्यांनी भारत सेवक समाज काढला, तिथंही सभासदानं स्वतःसाठी पैसा मिळवण्याच्या मागं लागू नये असाच दंडक होता. आजही एखादी तरुण मुलगी संस्थेच्या कमिटीसमोर पगाराचा विषय काढते तेव्हा कुणीतरी ज्येष्ठ गृहस्थ घसा खाकरून हीच उदाहरणं देतात.

पण या कथेतली एक बाजू आपण विसरतो. ती 20 वर्षं! पैसा थोडा होता, पण जागा पक्की होती. माणूस संस्थेला सोडणार नाही आणि संस्था माणसाला सोडणार नाही, असं दोन्हीकडून बांधलेलं ते नातं होतं. 'आजीव सदस्य' हा शब्दच बघा ना. आज आपण त्या करारातला अर्धाच भाग उचलला आहे. 75 रुपये तसेच ठेवलेत, आणि 20 वर्षांचे 11 महिने केलेत.

हे 11 महिन्यांचं प्रकरण काय आहे ते या क्षेत्राबाहेरच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. सरकारी योजना असो की देणगीवर चालणारा प्रकल्प, पैसा येतो तो ठराविक मुदतीसाठी. त्यामुळे समुपदेशक, सोशल वर्कर, घरोघरी जाणारे कार्यकर्ते हे सगळे कंत्राटावर. पुष्कळ ठिकाणी कंत्राट 11 महिन्यांचं, मग दोन-चार दिवसांचा 'ब्रेक', मग नवा कागद. हा ब्रेक विश्रांतीसाठी नसतो, सलग नोकरीचा हक्क उद्या कुणी सांगू नये म्हणून असतो. अनेकदा मधे मनुष्यबळ पुरवणारी एजन्सी असते. कार्यालय एजन्सीला पैसे देतं, एजन्सी आपला सेवाआकार ठेवते, मग माणसाला पगार मिळतो. पगार उशिरा झाला तर कार्यालय म्हणतं एजन्सीला विचारा, एजन्सी म्हणते कार्यालयाकडून बिल पास झालेलं नाही. माणूस काम करतो एकाचं, नोकर असतो दुसऱ्याचा, आणि तक्रारीपुरता कुणाचाच नसतो.

मुलांच्या संरक्षणासाठी केंद्राची 'मिशन वात्सल्य' योजना आहे. तिच्या 2022 च्या मार्गदर्शक तत्त्वांत जिल्हा बाल संरक्षण कक्षातल्या सोशल वर्करला महिन्याला 18,536 रुपये धरलेत, तेही कंत्राटी. घरोघरी फिरणाऱ्या आउटरीच वर्करला 10,592. आता आपल्या गोव्यात घराघरात ठाऊक असलेल्या पदाशी हे ताडून पाहा. एलडीसी, म्हणजे कनिष्ठ कारकून. सातव्या वेतन आयोगाप्रमाणे त्याचं मूळ वेतनच 19,900 पासून सुरू होतं. जानेवारी 2024 पासूनचा 50 टक्के महागाई भत्ता धरला तर तेवढ्यानंच 29,850 होतात. घरभाडं वेगळं, रजा वेगळी, आणि आई-वडिलांच्या जिवाला शांतता वेगळी. या पदाला बारावी पुरते. सोशल वर्कर व्हायला मुलं पदवी करतात, पुष्कळजण एमएसडब्ल्यू म्हणजे पदव्युत्तर शिक्षण घेतात. मग ही मुलं एलडीसीच्या जाहिरातीची वाट पाहत बसली तर त्यांना दोष कोण देणार?

अशीच एक मुलगी माझ्या चांगल्या ओळखीची आहे. नाव-गाव मुद्दाम सांगत नाही. एका योजनेखाली, एका एजन्सीमार्फत ती काम करायची. हातात पडायचे 15,000 च्या आसपास, स्कूटरचं पेट्रोल पदरचं. आमच्या वाड्यावर एक आजी आणि तिचा नातू राहतात. मुलाची आई गेली, बाप असून नसल्यासारखा. मुलगा तेव्हा नऊ-दहा वर्षांचा. शाळेत जायचा नाही, कुणाशी बोलायचा नाही. त्या घरी महिन्यातून एकदा यायचं हे हिचं काम. ती मात्र वाटेत असली की मधेही थांबायची.

पहिले तीन-चार महिने मुलगा तिला बघून मागच्या दारानं पळायचा. मग एकदा ती नदीवर त्याच्या शेजारी जाऊन बसली. त्याच्या हातात गरी होती. तिनं काही विचारलं नाही. तासाभरानं त्यानंच तिला गरीला आमिष कसं लावायचं ते दाखवलं. तेव्हापासून त्यांचं बोलणं व्हायचं ते तिथंच, आणि पाण्याकडे बघत. समोरासमोर बसवून विचारलं की तो गप्प. हात कामात असले की एकेक वाक्य बाहेर यायचं. आईबद्दलचं पहिलं वाक्य सातव्या महिन्यात आलं. शाळेत कोण त्रास देतो ते त्याच्याही नंतर. दिवाळीनंतर तो शाळेत जाऊ लागला.

ती निघाली की आजी दरवेळी पायरीपर्यंत यायची आणि एकच प्रश्न विचारायची, "बाय, फुडल्या म्हयन्यांत तूंच येतलें मगो?"

'कुणीतरी येईल ना' असं नव्हे. तूंच येतलें मगो. या क्षेत्रावर मी जे काही वाचलं आहे त्या सगळ्याचं सार मला त्या 'तूंच'मध्ये दिसतं.

मार्चमध्ये कंत्राट संपलं. नव्या वर्षाची मंजुरी आलेली नव्हती. एप्रिल गेला, मे गेला. दरम्यान तिचं नाव एलडीसीच्या यादीत लागलं आणि ती रुजू झाली. आज ती एका खात्यात फायली हलवते, चांगली हलवते, आणि तिच्या घरच्यांनी या नोकरीच्या आनंदात सत्यनारायण घातला. मीही प्रसादाला गेलो होतो. तिचं चुकलं असं मला एक क्षणही वाटलं नाही.

जूनमध्ये नवी मुलगी आली. भली, शिकलेली, कामाला उत्सुक. तिच्याजवळ फाइल होती. फाइलीत मुलाचं नाव, वय, इयत्ता, 'प्रतिसाद समाधानकारक' असा शेरा. गरीबद्दल त्यात काही नव्हतं, आणि असणार तरी कुठल्या रकान्यात? तिनं मुलाला समोर खुर्चीवर बसवून नाव-वय विचारलं. तो 'हय' आणि 'ना' याखेरीज काही बोलला नाही. काही दिवसांनी आजी मला वाटेत भेटली. म्हणाली, "तें कित्याक येना आतां? आमचें कितें चुकलें?"

मंजुरी, निविदा, सेवाआकार, आर्थिक वर्ष हे सगळं आपल्याला ठाऊक. त्या घराला ठाऊक नाही. त्यांच्या लेखी एक माणूस जीव लावून गेलं आणि परत आलं नाही, तेव्हा आपलंच काहीतरी चुकलं असणार. ज्या मुलाची आई गेली, बाप गेला, त्याला आम्ही मदत म्हणून आणखी एक जाणारं माणूस दिलं.

ही एका वाड्यावरची गोष्ट झाली. आता एक आकडेवारी पाहा. अमेरिकेत मिलवॉकी परगण्यात मुलांच्या देखभालीचं काम खाजगी एजन्सींकडे दिलेलं होतं. तिथल्या गळतीचा अभ्यास 2005 मध्ये झाला. जानेवारी 2003 ते सप्टेंबर 2004 या काळात सरकारी देखभालीत आलेल्या मुलांपैकी ज्यांना कायमचं घर मिळालं, म्हणजे जी आई-बापाकडे परतली किंवा दुसऱ्या घरी कायमची रुजली, त्यांचा हिशेब त्यात मांडला. पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच कार्यकर्ता असलेल्या मुलांचा वाटा 74.5 टक्के निघाला. दोन कार्यकर्ते झालेल्यांचा 17.5. सहा-सात कार्यकर्ते बदललेल्यांचा 0.1. अर्थात, गुंतागुंतीची प्रकरणं लांबतात आणि लांबली की माणसं बदलतात, हेही त्यात आलं. सगळा दोष बदलीचाच असं म्हणता येणार नाही. तरीही 74.5 वरून 17.5 ही उतरंड पाहून आमच्या आजीचा प्रश्न आठवल्याशिवाय राहत नाही.

आता कुणी म्हणेल, यात काय, पैसे वाढवा म्हणजे झालं. इथं इंग्लंडचं उदाहरण पाहण्यासारखं आहे. (स्विंडनला आपल्या गोंयकारांची मोठी वस्ती, त्यामुळे तो मुलूख आता तसा परका राहिलेला नाही!) तिथं चित्र आपल्या बरोबर उलटं आहे. आपल्याकडे एजन्सीचा माणूस कायम माणसापेक्षा कमी कमावतो, तिथं जास्त. कायम नोकरीतला सोशल वर्कर कामाच्या ओझ्यानं टेकीला येतो, राजीनामा देतो आणि एजन्सीत नाव घालतो. त्याच कामाचे तासाला जास्त पैसे, आणि नको वाटलं की दुसऱ्या गावी. सप्टेंबर 2023 मध्ये तिथल्या मुलं-कुटुंबांसाठीच्या सोशल वर्करांपैकी जवळजवळ 18 टक्के असे एजन्सीचे होते. म्हणजे पैसा भरपूर खर्च होत होता, आणि मुलाच्या दारात दर काही महिन्यांनी नवा चेहरा उभा राहतच होता.

शेवटी ऑक्टोबर 2024 पासून सरकारनं नियम लागू केले. एजन्सीच्या दराला प्रदेशवार मर्यादा ठरवायची. कायम नोकरी सोडणाऱ्याला त्याच प्रदेशात तीन महिने एजन्सीमार्फत घ्यायचं नाही. आणि पात्रता मिळाल्यावर तीन वर्षं थेट नोकरीत काढल्याशिवाय एजन्सीचा दरवाजा उघडायचाच नाही. शेवटचा नियम मला फार शहाणपणाचा वाटतो. नव्या माणसानं आधी एका जागी मूळ धरावं, अनुभवी माणसाच्या हाताखाली शिकावं, हा त्यामागचा विचार.

म्हणजे एजन्सी कमी देवो की जास्त, नुकसान त्याच घराचं होतं. पगार हवाच, पण नुसत्या पगारानं माणूस थांबत नाही. निदान तीन वर्षांचं सलग कंत्राट, पेट्रोलचे पैसे, झेपतील एवढीच प्रकरणं, मन हलकं करायला कुणी वडीलधारं माणूस, आणि पाच वर्षं राबल्यावर चढायला एखादी पायरी, हे सगळं लागतं. आपल्याकडे दहा वर्षं काम केलेली समुपदेशक आणि काल आलेली मुलगी एकाच आकड्यावर सही करतात. अनुभवाला किंमत नाही हे याहून स्पष्ट कसं सांगायचं?

संस्थांचीही बाजू आहे, ती सांगितली पाहिजे. छोट्या संस्थेच्या खजिनदाराला विचारा. देणगीदाराला 'लाभार्थी किती' हवे असतात, पगार म्हटलं की त्याला ती उधळपट्टी वाटते. परदेशी देणगीतून कारभारावर खर्च करायची मर्यादा 2020 च्या कायदादुरुस्तीनं 50 टक्क्यांवरून 20 वर आणली. पैशांचा गैरवापर होऊ नये हा हेतू समजतो. पण या क्षेत्रात पगार म्हणजे कारभार नव्हे, पगार म्हणजेच काम. दवाखान्यात औषध असतं, शाळेत पुस्तक असतं. इथं देण्यासारखी वस्तू एकच, एका माणसाचा दुसऱ्या माणसाला दिलेला वेळ. तो वेळ 'वरखर्च' म्हणून कापला तर उरतं काय? फाइल.

'पैशासाठी आलेली माणसं सेवा काय करणार?' हा आक्षेपही नेहमीचा. डॉक्टर पैसे घेतात, शिक्षक घेतात, देवळातले पुजारीही घेतात. त्यांच्या निष्ठेवर आपण पगाराच्या पावतीवरून शंका घेत नाही. आणि कमी पैशांत नुसती निष्ठावंत माणसं उरतात असंही नाही. ज्यांच्या घरी दुसरं कुणी कमावतं आहे, तीच माणसं उरतात. मग गरीब घरातली मुलगी, जिला गरिबी पुस्तकाबाहेर ठाऊक आहे, ती या कामाला कायमची मुकते.

न्यायालयांनी मात्र या शब्दाच्या आत डोकावून पाहिलं आहे. गुजरातमधल्या अंगणवाडी सेविकांच्या खटल्यात 25 एप्रिल 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयानं त्यांना ग्रॅच्युइटीचा कायदा लागू होतो असा निकाल दिला, आणि त्यांना मिळतं ते मानधनही कायद्याच्या दृष्टीनं वेतनच आहे असं म्हटलं. नाव काहीही द्या, काम केल्याबद्दल मिळतो तो पगार! पुढे 20 डिसेंबर 2024 च्या जग्गो खटल्यात, वर्षानुवर्षं चालणाऱ्या कामाला तात्पुरतं म्हणत राहण्याच्या सरकारी सवयीवरही न्यायालयानं कडक ताशेरे ओढले. ते सफाई आणि बागकाम करणाऱ्यांचं प्रकरण होतं, पण मुलांचं संरक्षण हे तरी कुठं हंगामी काम आहे?

कायदा त्याच्या चालीनं चालेल. आपल्या हातात काय आहे? आपल्या गावात संस्थेला देणगी द्यायची हौस दांडगी. कुठल्याही वृद्धाश्रमात किंवा बालगृहात जा, पंख्याच्या पात्यावर, कपाटाच्या दारावर, प्लॅस्टिकच्या खुर्चीच्या पाठीवर 'अमुक यांच्या स्मरणार्थ, तमुक यांजकडून सप्रेम भेट' असं रंगवलेलं दिसेल. भावना चांगली आहे. पण मी अशी ठिकाणं पाहिली आहेत जिथं पंखे जास्त झालेत आणि मुलांपाशी बसायला माणूस नाही.

तेव्हा पुढच्या वेळी वडिलांच्या वर्षश्राद्धाला किंवा मुलाच्या पहिल्या पगारातून काही द्यायचं ठरवाल, तर संस्थेच्या माणसांना दोन प्रश्न विचारा. तुमच्याकडे काम करणारी माणसं सरासरी किती वर्षं टिकतात? आणि एका कार्यकर्तीच्या पगारातला थोडा भाग तीन वर्षं आम्ही चार-पाच घरांनी मिळून उचलला, तर चालेल का? तिला ते पैसे देताना पाकिटावर मानधन लिहू नका. सरळ पगार लिहा. त्यावर कुणाचं नाव रंगवता येणार नाही एवढीच अडचण. पण कुठल्यातरी वाड्यावर, कुठल्यातरी पायरीवर, एखाद्या आजीला 'हय आजी, हांवच येतलें' असं सांगताना त्या मुलीला खोटं बोलावं लागणार नाही.